हो म्हणणारी ओळ

आमच्या ऑफिसात निंगला कोणी "हो" म्हटलं की ती लगेच विचारते, "हो म्हणजे कुठवर पोचलं?" नवे आलेले तिला हसतात. मग कोणीतरी जुनं माणूस त्यांना चहाच्या टपरीवर नेऊन काय झालं होतं ते सांगतं, आणि पुढे कोणी हसत नाही. टपरीवर ती हकीकत दर वेळी थोडी बदलते. कोणी म्हणतं भोंगा बिघडला होता, कोणी म्हणतं डोंगराचा कोप झाला. मी तिथे होतो, म्हणून मीच सांगतो.

माझं नाव बाग्यो. मी सर्व्हर सांभाळतो, म्हणजे मशीन बंद पडलं की शिव्या खातो आणि चालू असलं की कोणाला माझी आठवण नसते. शेजारचं टेबल निंगचं. पूर्ण नाव मुर्निंग्त्यास, पण एवढं नाव घेईपर्यंत माणसाचा चहा गार होतो. चाळिशीची, बुटकी, डोक्यावरचा रुमाल टाचणीने घट्ट बसवलेला. घरून तळलेल्या टेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचा, डबा आणते आणि त्यासोबत अख्ख्या हिरव्या मिरच्या. काम अडलं की मिरची चावते. तिच्या टेबलावर देठांचा ढीग दिसला की आम्ही ओळखायचो, आज कुठलीतरी रिक्वेस्ट हरवली आहे.

तेच तिचं काम. जावामध्ये लिहिलेल्या वेब ॲप्लिकेशनच्या पोटात शेकडो फंक्शनं असतात. बाहेरून रिक्वेस्ट येते ती एखाद्या पत्त्यावर. कुठल्या पत्त्यावरची रिक्वेस्ट कुठल्या फंक्शनने घ्यायची, हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला मॅपिंग म्हणतात. पत्ता नेमका जुळला तर ते फंक्शन ती रिक्वेस्ट घेतं. कशालाच जुळला नाही, तर "सापडलं नाही" असं पांढरं पान येतं. ऐकायला सोपं आहे. पण कोणीतरी सुरुवातीला एखादा शब्द जोडतो, कोणी दोन फंक्शनांना एकच पत्ता देतो, आणि मग सगळे डोकं धरून बसतात. अशा वेळी निंगला बोलावायचं. ती ओरडत नाही, कोणाची अक्कल काढत नाही, मुकाट्याने रिक्वेस्टच्या मागे मागे जाते.

तिचं माहेर वेनिंग नदीच्या काठी, ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याशी. डोंगराला आम्ही नावाने हाक मारत नाही, आजोबा म्हणतो. आजोबा राख ओकतात, पावसाळ्यात ती राख, वाळू आणि घराएवढे दगड पाण्याबरोबर नदीतून धावत खाली येतात. हा लाहार. तो येऊन गेला की पात्रात उत्तम वाळू उरते, आणि ती उपसायला अख्खं गाव पात्रात उतरतं. जो मारतो तोच पोसतो, असा आमचा संसार. निंगचे वडील लवकर गेले. धाकटा भाऊ पार्जान शाळा सोडून वाळूत उतरला, म्हणून ही कॉलेजात गेली. हे ती कधी विसरली नाही आणि त्याने कधी बोलून दाखवलं नाही. ऑफिसात तिला भेटायला आला की दाराबाहेरच चपला काढून उभा राहायचा.

"आत ये की रे," मी म्हणायचो.

"नको मास, अंगभर वाळू आहे. तुमची मशीनं शिंकायला लागतील." मास म्हणजे दादा.

आमच्या ऑफिसने नदीसाठी एक ॲप्लिकेशन केलं होतं. वर, डोंगराच्या कुशीत, पात्राकडेला खांब उभे केलेले. प्रत्येक खांबावर जमिनीचा थरकाप मोजणारी पेटी. पेटी थोड्याथोड्या वेळाने आमच्या सर्व्हरला आकडा पाठवते, आकडा चढला की आमचा प्रोग्रॅम खाली वाळूच्या जागी भोंगा वाजवतो. वरून लाहार निघाल्यापासून तो वाळूपर्यंत पोचेपर्यंत माणसं काठावर चढू शकतात, भोंगा वेळेवर वाजला तर. त्या माणसांत पार्जान होता. निंगने त्या प्रोग्रॅममध्ये जीव ओतला होता.

आता आमच्या साहेबांची ओळख. पाक विर्योनो. पाक हा आमच्याकडचा वडीलधाऱ्याचा मान; त्यांना तो जरा जास्तच प्रिय. माणूस दुष्ट नव्हे. सणाला सगळ्यांना कोंबडी वाटायचे. पण पाहुण्यांसमोर मान खाली जाणं त्यांना मरणाहून वाईट वाटायचं. पहिल्यांदा जिल्ह्याचे लोक ॲप्लिकेशन बघायला आले, तेव्हा एका पाहुण्याने हौसेने काहीतरी चुकीचा पत्ता टाइप केला आणि ऑफिसच्या दिवाणखान्यातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर पांढरं पान आलं: सापडलं नाही. पाहुणे हसले. पाक विर्योनोंचे कान लाल झाले. पाहुणे गेल्यावर ते निंगच्या टेबलापाशी आले.

"निंग, ते पान कोण दाखवतं?"

"कोणी दाखवत नाही, पाक. पत्ता जुळला नाही की आपोआप येतं."

"मग जुळव की."

"सगळेच पत्ते कसे जुळतील?"

"तू हुशार आहेस. पाहुण्यांच्या तोंडावर माझं मशीन 'नाही' म्हणतं, म्हणजे मीच म्हटल्यासारखं झालं. ते पान मला पुन्हा दिसायला नको. एवढं करशील ना?"

निंग म्हणाली, "इंगिह, पाक."

इंगिह म्हणजे "हो जी". आमच्याकडे थोरांच्या तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. पटलं तरी इंगिह, पटलं नाही तरी इंगिह, समजलं नाही तर दोनदा इंगिह. आमचीच म्हण आहे की नुसतं इंगिह इंगिह, पण शोधायला गेलं तर माणूस सापडत नाही. म्हण आम्हीच केली, तिच्यावर हसतो आम्हीच, आणि साहेबांनी हाक मारली की तेच म्हणतो. मला या गोष्टीचा संताप येतो. संताप आला की मीही इंगिह म्हणतो आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढतो.

निंगने एक ओळ लिहिली. मॅपिंगमध्ये तिरकी रेघ आणि तिच्यापुढे दोन चांदण्या टाकल्या की अर्थ होतो, "बाकी जे काही येईल ते." त्या ओळीखाली एकच उत्तर: "ठीक आहे, मिळालं." कुठल्याच फंक्शनला न जुळणारी रिक्वेस्ट या ओळीवर येऊन पडायची, उत्तर घेऊन समाधानाने परत जायची, आणि तिने आणलेलं कोणीच उघडून बघायचं नाही.

"आज मी दाराशी एक बावळट बसवलाय, मास," ती मला म्हणाली. "कोणी काहीही आणून दिलं तरी म्हणेल ठीक आहे, आणि मागे फेकून देईल."

"मग काढून टाक त्याला."

"पाकना कोण सांगणार? तू सांगतोस?"

"मी सर्व्हर सांभाळतो बाई. साहेबांना सांभाळायचा पगार मला कुठे मिळतो?"

ती हसली, मिरची चावली आणि पुढच्या कामाला लागली. पाक विर्योनो खूश झाले. पुढच्या वेळी पाहुण्यांनी वाटेल ते टाइप केलं, एकदाही पांढरं पान आलं नाही. ते म्हणाले, हीच ओळ आपल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये घाला. तशी ती घातली गेली. शिवाय पडद्यावरची आलेखाची रेघ मध्येच तुटलेली दिसली की पाहुणे प्रश्न विचारतात, म्हणून नवा आकडा येईपर्यंत जुनाच आकडा पुढे ओढायचा, असंही ठरलं. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

मग ॲप्लिकेशन नव्या मशीनवर हलवलं. त्या निमित्ताने सगळ्या पत्त्यांच्या सुरुवातीला एक नवा शब्द जोडला गेला. वरच्या खांबांच्या पेट्यांत मात्र जुना पत्ता भरलेला होता, आणि तो बदलायचा तर डोंगरावर जाऊन पेटी उघडावी लागते. ते काम आमच्या ऑफिसातल्या सुगिंगचं. सुगिंगने खालच्या, पुलाजवळच्या खांबावरचा पत्ता बदलला. वर जायला निघाला तर दरड कोसळून वाट गेलेली. तो परत आला. पाक विर्योनोंनी भर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, "सुगिंग, पेट्यांचं उरकलं ना रे?" सुगिंग म्हणाला, "इंगिह, पाक." पुढच्या बाजाराच्या दिवशी दुसऱ्या वाटेने जाऊन उरकू, असं त्याच्या मनात होतं. पुलाजवळच्या खांबावर पाकनी स्वतः बुक्के मारून बघितलं, पडद्यावरची त्याची रेघ थरथरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते दिवस विचित्र होते. डोंगरावर रोज दुपारी ढग उतरायचे आणि खाली आमच्याकडे थेंब पडायचा नाही. हवा अंगाला चिकटायची. नदीचं पाणी आटल्यासारखं झालं होतं. म्हातारी माणसं म्हणायची, आजोबा श्वास धरून बसलेत. आणि पडद्यावर वरच्या खांबाची रेघ सपाट होती. पाक विर्योनो येता-जाता तिच्याकडे बघून म्हणायचे, "यंदा नदी किती शहाणी झालीये बघा."

त्या दुपारी जिल्ह्याचे पाहुणे पुन्हा आले होते. दिवाणखान्यात नारळाच्या दुधातल्या मिठाया आणि गोड चहा. निंग दारातून आत डोकावली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं मिठाईकडे बघते आहे. ती पडद्याकडे बघत होती.

"मास, वरच्या खांबाची ही रेघ हलत का नाहीये?"

"नदी शांत आहे. हलेल कशी?"

"नदी शांत असली तरी वरच्या रस्त्याने ट्रक जातात. गुरं जातात. वारा खांबाला लागतो. थोडी तरी थरथर पाहिजे. ही मेलेल्या माणसाच्या नाडीसारखी आहे."

ती टेबलाशी आली. तिचा चेहरा बघून मीही सिगारेट खिशात परत ठेवली.

आधी तिने मला विचारलं, वरच्या खांबांच्या रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत येतात का. मी बघितलं. येत होत्या, अगदी वेळेवर, आणि प्रत्येकीला उत्तर गेलं होतं दोनशे. दोनशे म्हणजे सगळं ठीक. "बघ," मी म्हणालो, "खांब बोलतायत, आपण ऐकतोय."  आकडे घेणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तिने, चालू प्रोग्रॅम न थांबवता टाकता येते तशी, एक खूण टाकली, की रिक्वेस्ट आत शिरली तर तिच्या खांबाचं नाव छापलं जावं. आम्ही वाट बघितली. पुलाजवळच्या खांबाचं नाव छापलं गेलं. पुन्हा पुलाचं. पुन्हा पुलाचं. वरच्या खांबांपैकी एकही नाही.

"येतायत तर खऱ्या," मी म्हणालो.

"येतायत. उत्तर घेऊन जातायत. पण या फंक्शनमध्ये पाऊलसुद्धा टाकत नाहीयेत. मग त्यांना उत्तर देतंय कोण?"

विचारता विचारताच तिला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. तरी तिने एकेक करून बघितलं. स्वतःच्या मशीनवरून जुन्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवली. उत्तर आलं, "ठीक आहे, मिळालं." नव्या पत्त्यावर पाठवली, आकडा नीट जागेवर पडला. मग तिने पत्त्याच्या जागी "फणसाची भाजी" असं लिहून पाठवलं.

"ठीक आहे, मिळालं."

 निंगचे हात टेबलावर पडून होते. वरच्या पेट्या कित्येक दिवस जुन्या दारावर आकडे आणून देत होत्या, आणि तिथे बसलेली तिची ओळ ते घेऊन फेकून देत होती. वर काय चाललं आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मी खिडकीतून बघितलं. डोंगर खांद्यापर्यंत काळा झाला होता.

तिने पार्जानला फोन लावला. तो वाळूत उतरताना फोन झोपडीत टांगून ठेवायचा. नुसती रिंग वाजत राहिली.

दुरुस्ती छोटी होती. त्याच फंक्शनला जुना पत्ताही जोडायचा आणि ती दोन चांदण्यांची ओळ पुसायची. तिने केली. पण लागू करायला ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, आणि तेवढा वेळ दिवाणखान्यातला पडदा पांढरा. ती आत गेली. पाक विर्योनोंच्या कानाशी वाकून बोलली. मी दारातून ऐकत होतो.

"आत्ता?" ते पाहुण्यांकडे हसून बघत हळू म्हणाले. "पोरी, चहा तरी होऊ दे. पाहुणे गेले की कर. पडदा चांगला चाललाय की."

"इंगिह, पाक," निंग म्हणाली.

परत आली, खुर्चीत बसली. ओठ पांढरे पडले होते. स्वतःच्या तोंडून आलेल्या त्या शब्दाकडे ती बघत असावी. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "मास, बंद कर."

"पाक काय म्हणाले?"

"ते म्हणाले नको. तू बंद कर."

मी बंद केलं. दिवाणखान्यातून "अरेरे" असा आवाज आला आणि पाक विर्योनोंची खुर्ची सरकली. जावाला उठायला वेळ लागतो. म्हातारा माणूस जसा आधी गुडघे चाचपतो, मग काठी शोधतो, तसं ते एकेक गोष्ट जमवत बसतं. पाक दारात येऊन उभे राहिले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ॲप्लिकेशन उठलं. वरच्या खांबांची नावं धडाधड छापली जाऊ लागली. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली आणि माथ्याला टेकली. दुसऱ्या खांबाची. तिसऱ्या खांबाची. मग सगळ्यात वरच्या खांबाचं नाव यायचं थांबलं.

"हे काय आहे?" पाक विर्योनो म्हणाले.

"तो खांब वाहून गेला," निंग म्हणाली.

प्रोग्रॅमने आपलं काम चोख केलं. भोंग्याला हुकूम गेला. भोंग्याचा प्रोग्रॅम वेगळा, नदीकाठच्या खोलीतल्या मशीनवर. तिकडून उत्तर आलं आणि निंगच्या पडद्यावर उमटलं: "ठीक आहे, मिळालं."

पाकनी सुस्कारा सोडला. "मिळालं म्हणतोय. वाजला भोंगा. देवाची कृपा."

निंग उठून उभी राहिली. "वाजला असता तर 'वाजतोय' असं उत्तर आलं असतं. ही माझी ओळ आहे, पाक. तुम्हीच म्हणालात, सगळ्यात घाला. भोंग्याच्या प्रोग्रॅममधले पत्तेही आपण नव्याशी जुळवले नाहीत, आणि ते इथून बदलता येत नाहीत."

मी मोटरसायकल काढली. ती मागे बसली. वाळूची जागा फार लांब नाही, पण त्या दिवशी तो रस्ता संपेना. भाताच्या खाचरांत लोक शांतपणे वाकलेले होते. टपरीवर कोणीतरी रेडिओ लावला होता. मी कान देऊन भोंगा ऐकत होतो आणि भोंगा काही ऐकू येत नव्हता. निंग पाठीमागून सारखं म्हणत होती, "माझ्या हातची ओळ, मास. माझ्याच हातची."

पात्रात नेहमीसारखं चाललं होतं. फावडी, टोपल्या, अर्धे भरलेले ट्रक. आकाश तिथे निरभ्र होतं, हेच वाईट. निंग काठावरून ओरडली. आधी सवयीप्रमाणे आदराच्या बोलीत, जशी थोरांशी बोलतात तशी. "कृपा करून वर या हो सगळे! लाहार येतोय!"

खालून कार्सो आजोबांनी मान वर केली. गावातले सगळ्यात जुने वाळूवाले. छान हसले. "इंगिह, म्बाक निंग, इंगिह! एवढा ट्रक भरला की आलोच!" बाकीच्यांनीही माना डोलावल्या, हसले आणि पुन्हा वाकले. भोंगा तर वाजला नव्हता, मग घाई कसली. शहरातली म्बाक, म्हणजे ताई, काळजीने आली आहे, तिला नाही कसं म्हणायचं?

तेव्हा मी निंगचा तो आवाज ऐकला. तसा आवाज तिच्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"ए थेरड्या! मुडदे पडतील तुमचे! टाक ते फावडं! इंगिह गेलं चुलीत! वर चढ म्हणतेय ना, कार्सो! गाढवांनो, कानात वाळू गेलीय का तुमच्या?"

आमच्या गावात बाईमाणसाने कार्सो आजोबांना अरे-तुरे करणं म्हणजे मशिदीत चपला घालून जाण्यासारखं. सगळे थिजले. आणि मग धावले. त्या शिव्यांनी जे केलं ते भोंग्यालाही जमलं नसतं. फावडी टाकून, टोपल्या टाकून, कार्सो आजोबांना काखोटीला मारून माणसं काठ चढू लागली. वरून आवाज येत होता, लांब कुठेतरी रिकामे ट्रक एकामागून एक खडकावरून चालल्यासारखा. पायाखालची जमीन बारीक हलत होती. गंधकाचा वास आला.

पार्जान सगळ्यात लांब, पलीकडच्या धारेपाशी होता. तोही धावत आला, काठाच्या पायथ्याशी पोचला. आणि थांबला. मागे वळून बघितलं. पलीकडे एक ट्रक उभा होता, आणि त्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हर झोपलेला, पाय खिडकीबाहेर. जेवणानंतर तो रोज झोपायचा.

"पार्जान!" निंग ओरडली. "आधी तू वर ये! लगेच! ऐकतोयस ना?"

त्याने वर बघितलं. वाळूने माखलेला चेहरा, दात तेवढे पांढरे. थोरल्या बहिणीला धाकट्याने जे म्हणायचं असतं तेच तो म्हणाला, आणि मान तुकवून म्हणाला.

"इंगिह, म्बाक. आलोच."

आणि तो ट्रककडे धावला.

पुढचं मी सांगणार नाही. ज्यांनी लाहार बघितला आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळत नाही. ट्रक होता तिथे काळी भिंत आली आणि गेली, इतकंच. निंग काठावर बसून राहिली. कार्सो आजोबा तिच्या शेजारी येऊन बसले आणि हमसून हमसून रडले. ती रडली नाही.

पुढे चौकशीला माणसं आली. पाक विर्योनो म्हणाले, पडदा तर ठीक दाखवत होता. सुगिंग कोपऱ्यात उभा होता, आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही. निंगने सरळ सांगितलं, "ती ओळ मी लिहिली. पटलं नव्हतं तरी लिहिली." तिच्याकडे बघायची कोणाची हिंमत झाली नाही. आजही ती तेच काम करते, त्याच टेबलाशी. आता तिच्या प्रोग्रॅममध्ये न जुळणाऱ्या पत्त्याला "सापडलं नाही" असंच उत्तर जातं, मग पाहुणे कोणीही असोत.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. उजेड सरायच्या आत शोधणारी माणसं पात्रातून वर आली, कारण वरून पुन्हा आवाज येऊ लागला होता. मी निंगला माहेरी नेलं. तिची आई, आमची सिम्बोक, दारातच बसली होती. गावात कुजबुज झाली होती, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं. जो येई त्याला ती विचारी, आणि जो तो म्हणे, "येईल हं, सिम्बोक, येईल." आत पार्जानचं ताट वाढून, केळीच्या पानाने झाकून ठेवलेलं होतं.

"तू गेली होतीस ना नदीवर?" सिम्बोकने विचारलं. "तुला दिसला का गं तो?"

"दिसला."

"हाक मारलीस?"

"मारली."

"काय म्हणाला?"

निंगने उंबऱ्याला हात टेकला. "हो म्हणाला. आलोच म्हणाला."

"मग झालं तर," सिम्बोक म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "हो म्हणालाय ना? मग येईल. तुझा शब्द त्याने कधी मोडलाय का?"

शेजारच्या बायका खाली बघू लागल्या. मीही. त्या घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की निंगने आता एवढंच म्हणावं, हो आई, येईल. मलासुद्धा तसंच वाटत होतं.

निंग खाली बसली, आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "नाही, सिम्बोक. तो येणार नाही."

म्हातारीने आधी हात सोडवून घेतले. मग निंगच्या तोंडावर एक चापट मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्यांदा उचललेला हात तसाच राहिला.  मग सिम्बोक भिंतीला धरून उठली, आत गेली, आणि तिने ताटावरचं पान काढलं.